बटन सोड, मंग ऐकू येते

चांदूर रेल्वेच्या फलाटावर त्या दुपारी मी बडनेऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात अकोल्याकडून आलेल्या पॅसेंजरमधून आमच्या जुन्या कचेरीतले भांडारपाल उतरले. बऱ्याच दिवसांनी भेट झाली, म्हणून थांबलो. यंदाच्या कापसाचं बोलणं झालं, वरूडकडच्या संत्र्याच्या बहाराचं झालं आणि मग पिशवी उचलता उचलता ते म्हणाले, "किसन तायडे गेले, ते तर तुम्हाला कळलंच असेल." मला कळलं नव्हतं. सकाळी चहा पिता पिता गेले म्हणे, बशी हातातच होती. अकोल्याला राहत्या घरी. सगळं उरकूनही आठवडा होऊन गेला होता. भांडारपालांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सांत्वनाचं काहीतरी बोलून ते निघून गेले. माझी गाडी आली, थांबली, सुटलीही. मी चढलो नाही. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना वाटलं असेल, माणूस दुःखात आहे... पण खरं सांगायचं तर बातमी ऐकल्यावर पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं होतं. माझ्याबद्दलची एक गोष्ट ठाऊक असलेला एकच माणूस जगात होता, आणि तो आता नव्हता. हे सुटकेचं वाटणं किती वेळ टिकलं, सांगता येत नाही. पण ते होतं, आणि त्याची शिसारी येऊन मी बाकावर बसून राहिलो होतो.

पुढे काही दिवसांनी या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, की तुम्ही तायडेंबरोबर नोकरी केली, तर चार आठवणी लिहा. मी लिहिल्या. मनमिळाऊ, हसतमुख, कामाला वाघ, असं सगळं लिहिलं. रात्रीतून शाई वाळली आणि सकाळी वाचायला घेतलं तर किसन हसल्यासारखा वाटला. "हे कोनाबद्दल लिहून राहिला बे?" असंच तो म्हणाला असता. ते कागद मी चुलीत घातले. आता जे लिहितो आहे ते वेगळं आहे. वाचून कुणाला ते मृताच्या स्मृतीला शोभणारं नाही असं वाटलं, तर दोष माझा.

किसन आणि मी एकाच वर्षी अमरावतीच्या कचेरीत ओव्हरसियर म्हणून लागलो. तो मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातला, मी अचलपूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला. छप्पन साली त्याचं सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं होतं आणि ते तो पहिल्या भेटीतच सांगून टाकायचा, पुढचा माणूस चाचरत बसू नये म्हणून. आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली. घरमालकांनी माझं आडनाव विचारलं, मी गावंडे म्हणून सांगितलं. मग त्याच्याकडे पाहून विचारलं तेव्हा मीच घाईनं म्हणालो, "हेही खात्यातलेच आहेत." त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं. मला वाटलं, मी मित्राची सोय केली. दुसऱ्या दिवशी किसन आपण होऊन त्यांच्याकडे गेला आणि सगळं सांगून आला. संध्याकाळी घरमालकांनी मला बाजूला घेऊन फार गोड शब्दांत समजावलं. किसननं ट्रंक उचलली आणि दुसऱ्या मोहल्ल्यात खोली पाहिली. मी... मी त्याच खोलीत राहिलो. स्वस्त होती, कचेरीपासून जवळ होती. पुढं कितीतरी रविवारी तो खाली रस्त्यावर उभा राहून शीळ घालायचा, मी खाली उतरायचो आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा घ्यायचो. त्यानं त्यावरून एकदाही मला टोचलं नाही. त्यामुळे मला वाटत राहिलं, की यात टोचण्यासारखं काही नसावंच.

महाराष्ट्र झाला त्या सुमाराला आमच्या खात्यानं मेळघाटात नव्या रस्त्याची पाहणी सुरू केली. लढाईतून उरलेल्या दोन जीपगाड्या मिळाल्या होत्या. डोंगरात वाट म्हणजे बांबूच्या ठेकेदारांनी पाडलेली चाकोरी. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये एक गाडी जाईल एवढीच जागा. पुढच्या जीपमध्ये किसन असायचा, मागच्या जीपमध्ये सामान, मोजणीची साखळी धरणारा एक खलाशी आणि ड्रायव्हर रहमानभाई. रहमानभाई अमरावतीचे, मोठे सावध, गाडीशी बैलाशी बोलावं तसं बोलणारे. धुरळ्यामुळे दोन्ही गाड्या अंतर ठेवून चालवाव्या लागत. धोका होता तो वरून बांबू भरून उतरणाऱ्या ट्रकचा. पुढच्या गाडीला ट्रक दिसला तर ती एखाद्या रुंद जागेत शिरून वाट देई, पण मागच्या गाडीला तो येतो आहे हे कसं कळावं? भोंगा वाजवून पाहिला, तो दरीत कुठल्या कुठे जाई. म्हणून साहेबांनी खटपट करून लष्कराच्या मोडीतले वायरलेस संच मागवले आणि त्यांची रीतसर परवानगीही आणली. संच दोन तऱ्हेचे आले. एक पाठीवर बांधायचा, दप्तराएवढा, उंच एरियलच्या काडीचा आणि चांगलाच वजनदार. दुसरा हातात धरायचा, लांबट विटेसारखा. काडी ओढली की सुरू होणारा, कानाशी धरून बोलायचा. दोन्हींतला कोणता घ्यायचा ते ठरवायचं होतं. साहेब म्हणाले, "गावंडे, तुम्ही तपासा आणि लिहून द्या."

मीच का, हे मी विचारलं नाही. डोंगरात किसन जाणार होता, मी कचेरीतल्या टेबलावर असणार होतो. हुद्दा दोघांचा सारखा. किसनला हे लागलं असेल, पण त्यानं हसण्यावारी नेलं. "लगन माह्यं, न पोरगी पाहाले तू," तो म्हणाला. "पाय बापा, तोंडावर देवीचे वण नसले म्हंजे झालं."

आमचं भांडार अकोल्याला, म्हणून तपासणीही अकोल्यालाच ठरली. आम्ही ती मन लावून केली हे आजही म्हणेन. वेचणी संपली होती, शेतं मोकळी पडली होती, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले होते. जिनिंगच्या मागच्या गोदामाच्या गच्चीवर मी उभा राहिलो आणि किसन सायकलवर संच गळ्यात अडकवून मूर्तिजापूरच्या रस्त्यानं निघाला. दर थोड्या अंतरावर तो थांबून बोलायचा आणि मी उत्तर द्यायचो. त्याला रेडिओवर नुसतं एक, दोन, तीन म्हणवायचं नाही. दिसेल ते तो सांगत जायचा. एक म्हातारी सरपण घेऊन येऊन राहिली. एक म्हैस रस्त्यात आडवी उभी हाये, हटत नाही, साहेबाचा हुकूम दाखवू काय तिले? असं. मी गच्चीवर एकटाच हसत होतो. पण थोड्या वेळानं त्याचा आवाज येईनासा झाला. मला वाटलं, संच बिघडला. तर हा घामाघूम होऊन सायकल हाणत परत आला. त्या संचावर बोलताना बटन दाबून ठेवायचं आणि बोलून झालं की सोडायचं असतं. दाबलेलं असेपर्यंत समोरच्याचं काही ऐकू येत नाही. मी बोलून झाल्यावरही ते दाबूनच बसत होतो.

"तू बोलतं, न मंग बटन दाबूनच बसतं," गच्चीखालून तो म्हणाला. "मी तिकडं म्हशीसंगं बोंबलून राहिलो. बटन सोड, मंग ऐकू येते."

तेव्हापासून त्याला ते वेडच लागलं. समोरासमोर बोलतानाही माझं वाक्य संपलं की तो क्षणभर थांबायचा आणि विचारायचा, "झालं तुह्यं? सोडलं बटन?" मी हो म्हटलं की मगच स्वतः बोलायचा. हळूहळू हे थांबणं त्याच्या अंगात मुरलं. चार माणसांत प्रत्येकाचं पुरतं संपेपर्यंत तो गप्प असायचा. संपल्यावरही थोडा वेळ थांबायचा, न जाणो अजून काही राहिलं असेल म्हणून. घरातही तसंच. त्याची बायको अनसूयाबाई सांगायची, की यांच्यापुढं भांडता येत नाही, सगळं ऐकून घेतात अन् वरून आणखी वाट पाहतात.

संच निवडताना आम्ही काय काय पाहिलं होतं! गाडी उसळत असताना एका हातात धरता येतो का, इंजिनाच्या घरघरीत आवाज कळतो का, बॅटरी किती दिवस पुरते, धूळ आत जाते का. त्यासाठी जीप आम्ही काळ्या मातीतल्या वाळक्या गाडीवाटेवरून हाणली. हलका संच सगळ्यांत सरस ठरला. पाठीवरच्याला उचलायला स्वतंत्र माणूस हवा, आणि आवाजात तर दोन्हींत काही फरक नव्हता. धुळीसाठी अनसूयाबाईनं जुन्या गोधडीतून दोन पिशव्या शिवून दिल्या, वर झाकण, बाजूला काडीपुरती फट. एकाच गोधडीच्या, हिरव्या आणि विटकरी ठिगळांच्या. एवढं सगळं पाहिलं, आणि मध्ये डोंगर उभा केला तर काय होतं, एवढंच पाहिलं नाही. आम्ही दोघंही सपाटीवरची माणसं. आमच्या मुलखात या गावच्या वेशीवरून त्या गावाचा लिंब दिसतो. अंतर म्हणजे आमच्या लेखी फक्त लांबी. मध्ये काही आडवं येतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. इथवरची चूक दोघांची होती आणि ती भोळी होती. पण 'हातातील संच पहाडी कामास योग्य' हे वाक्य माझ्या एकट्याच्या सहीनं गेलं. चिखलदऱ्याला मी त्याआधी एकदाच गेलो होतो, तेही सहलीला. साहेब खूश झाले. वरच्या साहेबांपुढं त्यांनी माझं नाव घेतलं, हे मला मुद्दाम बोलावून सांगितलं.

काही दिवसांनी किसन डोंगरातून अमरावतीला उतरला. खाली शीळ ऐकू आली. टपरीवर त्यानं चहा सांगितला आणि दोन कप समोरासमोर ठेवून मध्ये पाण्याचा पेला ठेवला. "हा मी, हे रहमानभाई, न हा मधी डोंगर," तो म्हणाला. डोंगराच्या सोंडेच्या पल्याड गेलं की आवाज जातो. कापसाच्या गासडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा होतो आणि मग तेवढाही उरत नाही. त्यानं बरेच वेळा करून पाहिलं होतं. उपायही शोधला होता. तिसरा संच मिळाला आणि सोंडेच्या माथ्यावर एक माणूस बसवला तर तो इकडचं ऐकून तिकडं सांगू शकतो. बोलता बोलता त्यानं पेल्यावर एक शेंगदाणा ठेवला. नाहीतर पाठीवरचे मोठे संच आणून तेही डोंगरातच तपासावे. तोवर ट्रकच्या वाटेवर मागची गाडी चालवू नये, असं त्याचं म्हणणं.

"तू लिहून दे, वसंता," तो म्हणाला. "मी लिहिलं तं म्हनतीन, तायडेले सरकारी सामान वागवता येत नाई."

मी म्हणालो, लिहितो. त्यानं नेहमीसारखं थांबून पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, अरे लिहितो, उद्याच लिहितो. त्यानं पेल्यावरचा शेंगदाणा उचलून तोंडात टाकला आणि निर्धास्तपणे बसस्टँडकडे गेला.

मी लिहिलं नाही. विसरलो नव्हतो, हे इथं स्पष्ट सांगतो. रोज टेबलाशी बसलो की आठवायचं. पण ते लिहायचं म्हणजे आधी हे लिहावं लागलं असतं, की मी संच डोंगरात तपासलेच नव्हते. माझं नाव वरच्या जागेसाठी जाणार अशी तेव्हा कुजबुज होती. ते एकदा होऊ दे, मग लिहू, असं मी स्वतःला सांगत गेलो. किसन सावध आहे, रहमानभाई सावध आहेत, आजवर काही झालं नाही... असा विचार करून माणूस किती दिवस ढकलू शकतो, याचं आजही आश्चर्य वाटतं.

मग ते झालं. डोंगरात सकाळची वेळ. किसनची जीप एका रुंद जागी होती आणि वरून बांबूचा ट्रक आला, भरलेला, उतारावर, ब्रेक धड लागत नसलेला. ट्रक बाजूनं जाण्याआधीच किसननं संच काढून मागच्या गाडीला आवाज दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा तो ट्रकच्या मागे धावतच होता, असं त्याच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. पण तो ड्रायव्हर किसनच्याच गावाकडचा होता, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. सोंडेच्या पलीकडे वळणावर ट्रक आणि रहमानभाई समोरासमोर आले. खलाशी कड्याच्या अंगाला फेकला गेला, म्हणून वाचला. रहमानभाईंनी चाक सोडलं नाही. जीप त्यांच्यासकट खाली गेली.

चौकशी अमरावतीच्या कचेरीत झाली. बाहेरून एक अधिकारी आले होते, शांत, सभ्य गृहस्थ. खलाशी म्हणाला, संच माझ्या कानाशीच होता, आवाज आलाच नाही. तो खरंच बोलत होता. किसन म्हणाला, मी तीनदा हाक दिली, त्या जागेवरून आवाज पोचत नाही आणि हे मी आधीच गावंड्यांना सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत पंखा फिरत होता. किसन माझ्याकडे पाहत होता, अगदी साध्या नजरेनं, समोरच्यानं फक्त होय म्हणायचं आहे अशा भरवशानं.

"तायडेंनी तुम्हाला असं काही सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

नाही म्हणालो नाही. नाही म्हणणं खोटं झालं असतं, आणि मी स्वतःला खोटं बोलणारा समजत नव्हतो. आठवत नाही, एवढंच. ते इतकं सोपं होतं! अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझ्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला. किसन तीन वेळा तेच सांगत होता, त्याच्यावर बसला नाही. त्या वेळी मी हा फरक पाहिला नाही. नंतर पाहिला. आणि हेही कळलं, की त्या खोलीत बोलण्याआधीच मला तो ठाऊक होता, त्याच्याच आधारानं तर मी बोललो होतो.

जिन्याखाली किसन सायकलला टेकून उभा होता. मी उतरलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. आता विचारेल, झालं तुह्यं? सोडलं बटन? मी वाट पाहिली. त्यानं ते विचारलं नाही. बराच वेळ उभा राहिला आणि मग सायकल घेऊन निघून गेला. तो प्रश्न त्यानं मला पुन्हा कधीच विचारला नाही.

त्याची पगारवाढ थांबली. बदली अकोल्याच्या भांडारात झाली, डोंगर सुटला, बढतीचं नाव निघालं की ते प्रकरण वर यायचं. पण त्याला लागलं होतं ते दुसरंच. कचेरीत एक वाक्य रुळलं, तायडेनं आवाजच दिला नाही. ते रहमानभाईंच्या घरापर्यंत पोचलं. किसन त्यांच्या घरी भेटायला गेला, तर त्यांच्या बायकोनं दार लावून घेतलं. मला बढती मिळाली.

आणि आमची मैत्री? ती तुटली असती तर बरं झालं असतं. ती चालू राहिली. माझे वडील गेले तेव्हा तो अकोल्याहून आला, दिवसभर राहिला. मी अकोल्याला गेलो की त्याच्याकडे जेवायचो. तो विषय आम्ही काढला नाही. फक्त माझं बोलणं संपलं की तो थांबायचा, इतरांसाठी थांबायचा त्याहून थोडा जास्त. तेवढ्या वेळात मी पावसाचं नाहीतर गाड्यांच्या वेळापत्रकाचं काहीतरी बोलून टाकायचो.

शेवटची भेट याच हिवाळ्यातली. त्याच्या घरी ओट्यावर आम्ही संत्री सोलत बसलो होतो. तो एकदम हसला आणि म्हणाला, "आठवते का तुले, वसंता, ती मूर्तिजापूरच्या रस्त्यातली म्हैस?"

"आठवते न," मी म्हणालो. खरंच आठवत होती. तिचं एक शिंग वाकडं होतं, हेही त्यानं रेडिओवर सांगितलं होतं.

"आठवते न," तो म्हणाला. आणि थांबला. हातातली फोड तशीच धरून तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही... त्यानं माझ्यासाठी वाट करून दिली होती. एवढं आठवतं तर आणखीही आठवत असेल, सांग. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, गाडीची वेळ झाली.

बातमी कळल्यानंतर मी अकोल्याला गेलो. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली त्याचा नवा फोटो, फुलं. अनसूयाबाईनं पाणी दिलं. खुंटीला ती गोधडीची पिशवी होती, तिच्यात त्याचा चष्मा आणि विड्याची डबी. मी येतानाच ठरवून आलो होतो, की सांत्वन करून निघायचं. पण तिनंच विचारलं.

"भाऊजी, तुमी त्या वक्ती कचेरीत होते. त्याइनं खरंच आवाज देल्ला होता का?"

मी चमकलो. मला वाटत होतं, निदान या घरात तरी शंका नसेल. ती म्हणाली, मी एकदाच विचारलं होतं, ते म्हणाले देल्ला, पण लोक इतकं म्हणत होते की कधी कधी वाटायचं, हे माझ्यासाठी तर म्हणत नसतील? आठ वर्षं ती या शंकेसोबत नांदली होती. किसनला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. सगळ्यांचं संपेपर्यंत ऐकणारा माणूस तो.

मी सांगितलं. पेल्यासकट, शेंगदाण्यासकट, 'आठवत नाही' यासकट. शेवटी मी क्षमा मागायला लागलो तेव्हा तिनं हात वर केला. "मले माफी नका मागू आता. पयले तिले सांगा," ती म्हणाली. तिले म्हणजे रहमानभाईंच्या बायकोला. "मंग या इकडं."

अमरावतीला रहमानभाभींचं घर सापडायला वेळ लागला नाही, मला ते ठाऊकच होतं. कितीतरी वेळा त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो होतो. या खेपेला आत गेलो. त्या शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. मशीनच्या कडेला एक पिशवी लटकत होती, रिळांनी भरलेली, हिरव्या आणि विटकरी ठिगळांची. कचेरीनं संच काढून घेऊन रहमानभाईंच्या डब्या-मफलरसोबत ती पिशवी घरी पाठवली होती. मी कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. त्यांनी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं.

मग त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज दिया था तो बोले क्या थे?"

हे मला ठाऊक होतं. अपघातानंतर पहिल्याच रात्री किसननं ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मी म्हणालो, "रहमानभाई, आगे मत आना. जहाँ हो वहीं रुको. ट्रक आ रहा है."

त्यांनी ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. मग पिशवी काढली, रिळं मांडीवर ओतली आणि शिवण उलटून पाहिली. कुणी शिवली, ते मी सांगितलं. "हम तो सरकारी समझे," त्या म्हणाल्या. मी दाराशी गेलो तेव्हा त्या रिळं एकेक करून परत पिशवीत भरत होत्या आणि तोंड भिंतीकडे होतं.

अकोल्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, नांगरलेली. त्या दोन पिशव्यांच्या मध्ये, त्या दोन घरांच्या मध्ये, एकही डोंगर नाही. इतकी वर्षं एकीकडचा आवाज दुसरीकडे पोचला नाही तो कुणामुळे, हे त्या रस्त्यानं जाताना निराळं सांगावं लागत नव्हतं. ज्या गृहस्थांनी मला चौकशीत प्रश्न विचारला ते आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. त्यांनी हे वाचलं तर माझं उत्तर बदलून घ्यावं. होय, तायडेंनी मला सांगितलं होतं. अमरावतीत, टपरीवर, चहाच्या कपांमध्ये पेला ठेवून सांगितलं होतं. मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

अनसूयाबाई ओट्यावरच होती. मी बसलो, रहमानभाभींचं सगळं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. बोलणं संपलं तरी ती गप्प होती. समोरच्याचं पुरतं संपेपर्यंत थांबायची त्या घराची रीत. मला सवयीनं वाटलं, पावसाचं काही बोलावं, बसचं काही बोलावं. घशापर्यंत आलंही होतं.

"झालं तुमचं, भाऊजी?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"मंग आता ऐका," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. आठ वर्षांचं बोलली. उन्हं ओट्यावरून उतरून गेली तरी बोलत होती. काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. ते मी ऐकायचं होतं. मी ऐकत होतो, आणि तिच्या मागं खुंटीवर किसनची पिशवी वाऱ्यानं जराशी हलत होती.